ढोलकीची थाप कुठे हरवते?

मुलांनो, गाडीत गाणं लागलं की जरा कान देऊन ऐका. गायिकेचा आवाज स्वच्छ येतो, झांजा झणझणतात. पण ढोलकीची थाप? ती डब्यावर टिचकी मारल्यासारखी वाटते. सेकंदाला साधारण ८० ते ३०० कंपनांचा हा भरदार आवाज. जाणकार त्याला ‘मिडबास’ म्हणतात.

माझ्या भाच्याच्या जुन्या गाडीत हेच व्हायचं. मग पठ्ठ्या आवाज वाढवायचा! आमचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या बराकींत राहिले आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळालं. कॅम्प नं. ३ मध्ये आजही घराला घर चिकटून. एकाच्या गाडीतलं गाणं दहा घरांत! शेजारची दहावीतली मुलगी खिडकी बंद करून अभ्यासाला बसायची. भाचा मात्र साठवलेल्या पैशांतून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेला.

मिस्त्रीने त्याला थांबवलं. दाराचं आतलं आवरण काढलं, तर पत्र्याला हात जाईल एवढी भोकं! स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा भोकांतून एकत्र आल्या की एकमेकींना खोडतात. पाचातून पाच गेले, उरलं शून्य! बारीक आवाजाच्या लाटा आखूड असतात, त्या फारशा वळत नाहीत. १०० कंपनांची लाट मात्र जवळजवळ साडेतीन मीटर लांब. ती सहज वळसा घालते. म्हणून थापच हरवते.

मिस्त्रीने भोकं जाड चिकट शीटने बुजवली, थरथरणाऱ्या पत्र्यालाही तेच लावलं, स्पीकर घट्ट आवळला. दाराच्या तळाची, पावसाचं पाणी जाणारी भोकं तेवढी उघडी ठेवली. एका स्पीकरच्या तारा उलट्या निघाल्या. एक हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा! त्या सरळ केल्या आणि थाप घुमली, तीही आवाज कमी ठेवून. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे वाचले.

पालकहो, २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हेही ध्यानात असू द्या.

आणि मुलांनो, मोठ्यांच्या मदतीने जुन्या रेडिओचा सुटा स्पीकर हवेत धरून वाजवा. मग पुठ्ठ्याला त्याच्या मापाचं भोक पाडून, त्यावर तो दाबून धरा. काय फरक पडला? तुमचे कानच सांगतील!