फिश टँकमधले शेवाळ आणि आमचे बाबा

आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत फिश टँक पाहिला की येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो, "एवढ्या जागेत हे कुठून आणले?" जागा काढली ती बाबांसाठी. बाबांनी उभा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काढला. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय अधू झाला. चालता-फिरता माणूस खिडकीजवळच्या कॉटवर आला. टीव्ही त्यांना नको वाटायचा. त्याच पावसाळ्यात आमचा भाचा शिकायला बाहेरगावी होस्टेलवर गेला आणि त्याचा टँक आमच्याकडे आला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने त्यात सुमारे ५६ लिटर पाणी बसते, पण वाळू आणि दगड घातल्यावर ४५ च्या आसपास राहते. मासे म्हणाल तर गप्पी आणि प्लॅटी, शिवाय थोडी लाल कोळंबी. ही कोळंबी बाजारात चेरी श्रिंप या नावाने मिळते.

बाबा सकाळी उठले की आधी मासे मोजत. "तेरा आहेत," असे सांगून मग चहा घेत. घरात एवढे बोलणे परत सुरू झाले हे आमच्या आईला पुष्कळ होते.

पहिल्या महिन्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर आला. नव्या टँकमध्ये तो बहुतेक येतोच. हे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ. बोटाने पुसले की निघते आणि टँक जुना झाला, झाडे रुजली की बहुधा आपोआप कमी होते. आमच्याकडेही तसेच झाले. खरी परीक्षा पुढे होती.

पुढच्या फेब्रुवारीत समोरची जुनी इमारत पाडली. इतकी वर्षे आमच्या खिडकीला ऊन माहीत नव्हते. आता दुपारी दोन-अडीच तास ते थेट टँकवर पडू लागले. आठ-दहा दिवसांत पाणी पालकाच्या रश्श्यासारखे हिरवे झाले. मासे दिसेनात. बाबा सकाळी काचेकडे बघायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मोजायला काहीच नव्हते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "घाण आहे, डास होतील, देऊन टाका." डासांचे म्हणणे खरे नव्हते. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून तर आरोग्य खात्याची माणसे विहिरींत आणि टाक्यांत हे मासे सोडतात. पण टँक देऊन टाकावा असे आमच्या घरातही दोघांचे मत पडले. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

एका दुकानात निळ्या औषधाची बाटली हातात दिली. दोन थेंब टाका, शेवाळ गायब, असे सांगितले. लेबल वाचले तर त्यात तांब्याचा क्षार. तांबे शेवाळाला मारते, पण कोळंबीला आणि गोगलगायीलाही मारते. नाजूक झाडेही त्याने कुजतात. बाटली तिथेच ठेवून आलो. दुसरा उपाय सांगितला तो सकर मासा ठेवण्याचा. हा काळपट मासा काच चाटत फिरतो आणि लहानपणी गोजिरवाणा दिसतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वाढला की फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो, विष्ठा भरपूर करतो, आणि हिरव्या पाण्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. लोक मग कंटाळून त्याला तलावात सोडतात. आपल्या देशातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत तो असाच पसरला असून कोळी बांधवांची जाळी फाडतो आहे. तेव्हा टँकमधले काहीही, मासा असो की झाड, तलावात किंवा नाल्यात टाकू नये. जलपर्णीने आपल्याकडे काय केले ते आपण बघतोच.

शेवाळ म्हणजे घाण नव्हे, हे आधी समजून घ्यावे लागते. ज्यांनी शेती केली आहे त्यांना हे लगेच पटेल. शेवाळ म्हणजे पाण्यातले तण. खत आहे, ऊन आहे आणि पीक विरळ आहे, तिथे तण माजणारच. टँकमध्ये खत कुठून येते? माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून. त्यातून अमोनिया होतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट झाडांनी खाल्ले तर झाडे वाढतात, नाही खाल्ले तर शेवाळ खाते. नुसते तण उपटून भागत नाही, ते का माजले ते बघावे लागते.

आमच्याकडे कारण उघड होते, ऊन. भरलेला टँक साठ किलोच्या वर जातो, त्यामुळे हलवणे शक्य नव्हते. मागच्या काचेला आणि खिडकीकडच्या बाजूला जाड पुठ्ठा लावला, वरून जुन्या चादरीचा पडदा. पण जे शेवाळ पाण्यात तरंगत होते त्याचे काय? हिरव्या पाण्यातले शेवाळ एकेका पेशीचे असते, साध्या स्पंजात अडकत नाही. पाणी बदलले तर चार दिवसांत पुन्हा हिरवे. त्याला अंधारातच कोंडावे लागते. आम्ही एक तृतीयांश पाणी बदलले, सगळा टँक काळ्या घोंगडीत गुंडाळला आणि चार दिवस दिवा बंद ठेवला. हवेचा पंप मात्र रात्रंदिवस चालू. शेवाळ मरू लागले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि मासे गुदमरून मरतात. हा पंप विसरू नये.

ते चार दिवस बाबांना जड गेले. "आत मेले असतील सगळे," असे ते रोज म्हणत. रात्री पंपाचा आवाज जरा बदलला की आईला हाक मारत. मासे अंधारात चार दिवस सहज राहतात, निरोगी माशाला तेवढा उपासही बाधत नाही, असे आम्ही सांगायचो. पण सांगताना आमचाही जीव टांगणीला होता. तेरा मासे मेले असते तर दुकानातून तेरा मासे आणता आले असते, बाबांची सकाळ आणता आली नसती.

पाचव्या दिवशी घोंगडी काढली. पाणी दुधाळ होते, हिरवे नव्हते. बाबांनी दोनदा मोजले. बारा. तेरावी, पोट आलेली प्लॅटी, दुपारी दगडामागून निघाली. त्याच दिवशी निम्मे पाणी बदलले, कारण मेलेले शेवाळ हेही पुन्हा खतच. पाणी बदलताना एक काळजी आम्ही नेहमी घेतो. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घालतो, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धूत नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घेतो, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात.

मग पीक दाट केले. कुर्ल्याच्या बाजारातून हॉर्नवर्टच्या आणि वॉटर स्प्राइटच्या जुड्या आणल्या, आणि गवताच्या पात्यासारखी लांब व्हॅलिस्नेरिया. व्हॅलिस्नेरिया आपल्याच देशातल्या तळ्यांत वाढते, तिला ना महाग माती लागते ना गॅसचे सिलिंडर. हॉर्नवर्टला मूळच नसते, नुसती पाण्यात सोडली तरी भराभर वाढते आणि शेवाळाच्या तोंडचा घास पळवते. झाडे भरपूर, तीही पहिल्या दिवसापासून, हा आमच्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दुकानदार तो शेवटी सांगतात.

दिव्याचा स्विच बाबांच्या ताब्यात दिला. संध्याकाळी चारला चालू, रात्री दहाला बंद. सहा तास पुरतात, आठाच्या वर जाऊ नये. घड्याळाच्या बाबतीत जुना कामगार कसा असतो हे सांगायला नको. पाहुणे बसलेले असले तरी दहाला अंधार. दाणाही तेच देतात. आधी येणारा प्रत्येक जण चिमूट टाकायचा, शेजारची पोरे बिस्किटाचा चुरासुद्धा टाकायची. आता दोन मिनिटांत संपेल एवढाच, आणि रविवारी उपास.

काचेवर हिरवे ठिपके अजूनही येतात. ते खरवडायला जुने एटीएम कार्ड चांगले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी डाव्या हाताला काम द्या म्हणून सांगितले होते, तर बाबा ते कार्ड डाव्या हातात धरून समोरची काच खरवडतात. सुरुवातीला कार्ड दर मिनिटाला पाण्यात पडे. आता वीतभर काच एका दमात होते. कधी वाळूवर निळसर हिरवी, वास मारणारी साय धरली तर ती शेवाळ नसून जिवाणूंची असते. गोगलगायी तिला तोंड लावत नाहीत. नळीने ओढून काढावी आणि त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवावा. एका दगडावर काळे केसाळ झुबके आहेत, ते मात्र अजून गेलेले नाहीत. कोळंबीची पिल्ले त्यात लपतात म्हणून बाबा तो दगड बाहेर काढू देत नाहीत.

दर रविवारी तीन बादल्यांपैकी एक बादली पाणी बदलतो, म्हणजे साधारण पंधरा लिटर. काढलेले पाणी मोरीत ओतत नाही. गॅलरीत तेलाच्या डब्यांत अळू आणि कढीपत्ता लावला आहे, त्यांना घालतो. या वर्षी अळूची पाने सुपाएवढी झाली आणि शेजारच्या मावशी वड्यांसाठी मागून नेतात.