फोटोच्या पाठीमागचा मजकूर

मासे पाळणारे पुष्कळ, पण खाऱ्या पाण्यात मासे पाळणारे थोडे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तेवढाच खारेपणा दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत बारा महिने राखावा लागतो. पाणी उडून जाते आणि मीठ मागे उरते, म्हणून रोज मोजून गोडे पाणी घालायचे. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी 25-26 अंशांवर ठेवायचे म्हणजे पंखे आले, प्रसंगी चिलर आला आणि मागोमाग विजेचे बिल आले. "यापेक्षा दोन बकरे पाळले असते तर ईदला तरी कामाला आले असते," असे आमच्यातल्या एकाची अम्मी दर महिन्याला न चुकता म्हणते.

असे आम्ही आठ जण आहोत. कुणी शाळेत शिकवतो, कुणाचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे, एक जण औषधांचा विक्रेता आहे आणि सर्वांत लहान अजून कॉलेजात आहे. 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला आमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी नाक लावलेले. शौक तिथूनच लागला. वर्षातून एकदा, एका रविवारी, आम्ही आपापल्या टाकीतल्या फोटोंची स्पर्धा घेतो. बक्षीस एवढेच की जिंकणाऱ्याने बिर्याणीची वर्गणी द्यायची नाही.

टाकीतल्या माशाचा फोटो काढणे सोपे नाही. काच आतून-बाहेरून पुसायची, खोलीतले दिवे मालवायचे, पंप थोडा वेळ बंद करून पाणी स्थिर होऊ द्यायचे. कॅमेरा काचेसमोर अगदी सरळ धरायचा, कारण तो जरा तिरका झाला की माशाच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. फ्लॅश समोरून मारला तर फोटोत फ्लॅशच येतो. त्यातही निळ्या दिव्यांचा त्रास मोठा. त्या प्रकाशात काही जीव हिरवे-केशरी चमकतात, पण मोबाईलमध्ये सारा फोटो निळीत बुडवून काढल्यासारखा येतो. मग भिंगापुढे केशरी फिल्टर धरायचा. एवढे सगळे जमले तरी मासा ऐन वेळी पाठ फिरवतोच.

आमच्या स्पर्धेचा एक नियम मात्र बाहेरच्यांना विचित्र वाटतो. प्रत्येक फोटोच्या पाठीमागे तीन गोष्टी लिहायच्या : हा जीव कुठून आला, टाकीत किती महिने आहे आणि काय खातो. चित्राला 50 गुण, पाठीमागच्या मजकुराला 50.

'कुठून आला' हा प्रश्न साधा नाही. फिलिपिन्समध्ये 1960 च्या दशकापासून सायनाइडने माशांना गुंगी आणून पकडण्याचा धंदा चालत आला. आपल्याकडे 2001 साली कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्यामुळे आपल्या समुद्रातून उचललेले प्रवाळ आमच्या स्पर्धेत बसतच नाही. ज्याला त्याचा फोटो हवा असेल त्याने ओहोटीला किनाऱ्यावर जावे. हाजी अलीच्या खडकांवरही जिवंत प्रवाळ आहे, हे अनेकांना 2020 साली समजले. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. दुसरीकडे चांगल्या वाटाही आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास टाक्यांत करून दाखवली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर स्थानिक स्त्रियांनी शोभेची कोळंबी वाढवायला घेतली. असा जीव घरी आला तर समुद्रातला एकही कमी होत नाही.

'किती महिने' आणि 'काय खातो' हे विचारण्याचे कारण असे की डोळ्यांना सुंदर दिसणारे सुखरूप असेलच असे नाही. पाणी तापले की प्रवाळाच्या शरीरातले शेवाळ निघून जाते आणि ते पांढरे पडते. काही प्रवाळे मात्र अशा वेळी बचावासाठी गुलाबी, जांभळे झगझगीत रंग तयार करतात, असे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली मांडले. पाहणाऱ्याला वाटते की खडक बहरला आहे. प्रत्यक्षात तो संकटात असतो.

याच नियमावरून मागे एकदा आमच्यात चांगलीच खडाजंगी झाली. कॉलेजातल्या पोराने मँडरिन माशाचा फोटो आणला होता. निळ्या अंगावर केशरी वेलबुट्टी, जणू जरीकाम केलेली शेरवानी. परीक्षक म्हणून आम्ही मोहल्ल्यातल्या एका जुन्या फोटोग्राफर चाचांना बोलावले होते. तीस वर्षे निकाह आणि वलीम्याचे फोटो काढलेला माणूस. त्यांनी त्या चित्राला 50 पैकी 48 दिले. मग फोटो उलटला. मागे लिहिले होते : दुकानातून, दोन महिने, गोठवलेले खाणे टाकतो.

मँडरिन मासा दिवसभर खडकावरचे जिवंत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड टिपत फिरतो. गोठवलेल्या खाण्याला तो बहुधा तोंड लावत नाही. नव्या, लहान टाकीत तो देखणेपणाने उपाशी मरतो. पोट आत गेलेले असते, पण पंख पसरलेल्या कोनातून ते दिसत नाही.

पाठीमागच्या मजकुराला 10 गुण मिळाले, तसा पोरगा उसळला. "ही फोटोंची स्पर्धा आहे की माशांचा दवाखाना? आणि मागे कुणीही काहीही खोटे लिहील. फोटो तरी खोटे बोलत नाही!"

खोटे लिहिण्याबद्दलचे त्याचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही, आजही येत नाही. चाचा तेवढे शांतपणे म्हणाले, "बेटा, नवरी किती सुंदर दिसते ते मी टिपतो. ती त्या घरात सुखी आहे का, ते माझ्या कॅमेऱ्यात येत नाही. ते वर्षभराने तिच्या घरी जाऊन विचारावं लागतं."

त्या वर्षी नऊ वर्षांच्या क्लाउनफिशच्या जोडीचा एक साधासा फोटो जिंकला. पोरगा बिर्याणी न खाताच निघाला. जिन्यात आमच्यातल्या एकाने त्याच्या हातात जिवंत कोपेपॉडची बाटली ठेवली. तो काही बोलला नाही, पण बाटली घेऊन गेला. पुढे कधी रात्री उशिरा फोन करून तो विचारी की ही पिल्ले वाढवायची कशी, त्यांना हिरवे पाणी किती घालायचे.

पुढच्या स्पर्धेला त्याने त्याच माशाचा फोटो आणला. मासा खडकाच्या कपारीत अर्धा दडलेला, रंग थोडे फिके, शेपटीकडचा भाग हललेला. चाचांनी चित्राला 29 दिले. फोटोत पोट मात्र गोल दिसत होते. मागे लिहिले होते : दुकानातून, चौदा महिने, स्वतः शोधून खातो.

तो जिंकला नाही. बिर्याणीला मात्र थांबला.