खडकाला कान लावून

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय खाणीत सुरू होतो. चांदीची शीर, सोनं गाळायची जागा, भुईतून काढलेलं लोखंड, दगड वितळवून मिळवलेलं तांबं. मग माणूस अंधाराची हद्द मागे रेटत खाली उतरतो. वस्तीपासून लांब विवर खणतो, तिथं अधांतरी लोंबकळतो, डोंगर मुळापासून उलथतो, खडकातून पाट काढतो, झिरपणारं पाणी अडवतो. घारीगिधाडांच्या नजरेला न पडलेली, सिंहाचं पाऊल न लागलेली वाट त्याला सापडते. एवढं सगळं मनापासून वाखाणून झाल्यावर कवी विचारतो : पण शहाणपण कुठं सापडतं?

ही कविता मी पहिल्यांदा वाचली ती नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात शिकताना. खोलीतला जोडीदार अहमदनगरकडच्या ख्रिस्ती घरातला होता. त्याच्या मराठी बायबलमध्ये ती सापडली. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला. बाबा भूमिगत खाणीत मायनिंग सरदार. धर्मग्रंथात आपल्या घरचा धंदा भेटेल अशी अपेक्षा नव्हती. त्या वयात मी कवितेचा पहिला भागच पुन्हा पुन्हा वाचायचो. प्रश्नापाशी आलो की पान उलटायचो.

ज्यांच्या नावानं ते कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप स्वतः मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ होते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. 1863च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात हातोडा असलेल्या या माणसानं अठ्ठाविसावा अध्याय कसा वाचला असेल, हा विचार तेव्हापासून अधूनमधून डोकावतो.

या कवितेतल्या खाणी हवेतल्या नाहीत. इस्राएलच्या दक्षिणेला अराबाच्या वाळवंटात तिम्ना इथं तांब्याच्या हजारो जुन्या विवरांच्या खुणा आहेत. काही विवरांच्या भिंतीत पाय रोवून उतरायला खोबण्या कोरलेल्या दिसतात. बेनो रोथेनबर्ग यांनी 1959पासून तिथं शोध घेतला आणि 1969मध्ये हाथोर या इजिप्शियन देवीचं छोटं मंदिरही उजेडात आणलं. खडक फोडणाऱ्यांनाही देव लागत होता, हे त्यावरून कळतं.

खडकाची आणखी एक गोष्ट जेरुसलेमची. इसवीसनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस तिथं झऱ्याचं पाणी शहरात आणायला 533 मीटर लांबीचा बोगदा खोदला गेला. दोन्ही टोकांनी खणत आलेल्या तुकड्या मध्ये भेटल्या. 1880मध्ये सापडलेल्या हिब्रू शिलालेखात या भेटीचं वर्णन आहे : थोडे हात खडक उरला असताना पलीकडच्याची हाक अलीकडच्याला ऐकू आली. हा लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचंही नाही. आहे ती टिकाव चालवणाऱ्यांची हाक.

खडकातून ऐकणं मला बाबांनी दाखवलं होतं. त्यांच्या हातात लोखंडी टोकाची काठी असायची. माणसं कामाला लागण्याआधी प्रत्येक जागी एका हातानं छत ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं तिथंच टेकवून ठेवायची. छत घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो. आत थर सुटला असेल तर बद्द वाजतं. कधी कानाला फरक कळत नाही, पण बोटांना बारीक थरथर लागते. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरच्या भिंतीचं फुगलेलं प्लास्टर ठोकून ते माझी बोटं त्यावर ठेवायचे आणि विचारायचे, ‘‘लागलं का?’’ लागलं असं मी प्रत्येक वेळी सांगायचो. खरं तर ते लागायला बरेच दिवस गेले.

हिब्रू कवितेची घडण समजून घेताना मला ही काठी उपयोगी पडली. तिथं ओळ दोन भागांत येते : एक विधान, आणि त्याला जोडून त्याच अर्थाच्या अंगानं जाणारं दुसरं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लौथ यांनी 1753मध्ये छापलेल्या व्याख्यानांत या रचनेची पद्धतशीर मांडणी केली. घाईनं वाचलं तर ती पुनरुक्ती वाटते. पण दुसरा भाग सहसा जरा सरकलेला असतो. कधी नेमका होतो, कधी धारदार, कधी उलट बाजूनं येतो. पहिल्या ठोक्यानं आवाज उठतो, दुसऱ्यानं आतली पोकळी कळते. या कवींच्या लेखी एकदा सांगून झालेली गोष्ट कळलेली नसते. ती बाजू बदलून पुन्हा तपासावी लागते.

पुढे मी भूशास्त्राच्या नोकरीत शिरलो. बोअरहोलचे गाभे मांडायचे, थराची जाडी मोजायची, राखेचं प्रमाण पाहायचं, साठा काढायचा. त्या काळात कवितेचा मधला भाग माझा झाला, कारण तो चक्क भावपत्रक आहे. ओफीरचं सोनं, गोमेद, नीलमणी, काच, पोवळं, स्फटिक, कूश देशाचा पुष्कराज. यांतलं काहीही देऊन शहाणपण मिळत नाही. खोल डोह म्हणतो, माझ्याकडे नाही. समुद्र म्हणतो, माझ्याकडेही नाही. मृत्यूच्या कानावर फक्त उडत उडत काही आलेलं आहे.

आणि मग देव येतो तोही मोजमाप करताना. वाऱ्याचं वजन ठरवताना, पाण्याला माप लावताना, पावसाला नियम आणि विजेला वाट आखून देताना तो शहाणपणाकडे पाहतो, त्याची पारख करतो. मोजणाऱ्या माणसाला हे वाचून हायसं वाटतं. मोजण्याला इथं कमी लेखलेलं नाही. फक्त माणूस वस्तू मोजून उचलतो आणि देव प्रत्येकाची मर्यादा ठरवतो. खाणीतला कोळसा काढता येतो. वाऱ्याचं आणि पावसाचं एकमेकांशी असलेलं नातं गाडीत भरून वर आणता येत नाही.

बायबलमधल्याच नीतिसूत्रांच्या पुस्तकात चित्र अगदी वेगळं आहे. तिथं शहाणपण बाईच्या रूपात वेशीपाशी, चव्हाट्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतं. एका पुस्तकात ते भर बाजारात, दुसऱ्यात पाताळातही नाही. हे दोन्ही ग्रंथ एकाच संग्रहात शेजारी नांदतात, आणि संग्रह करणाऱ्यांना त्यांतलं एक गाळावंसं वाटलं नाही.

अठ्ठाविसावा अध्याय शेवटी उत्तर देतो : परमेश्वराचं भय हेच शहाणपण, दुष्टाईपासून दूर राहणं हीच समज. अनेक अभ्यासकांना ही शेवटची ओळ मागाहून जोडलेली वाटते. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट बोचते. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात ईयोबाची ओळख हीच आहे : देवाचं भय बाळगणारा, वाइटापासून दूर राहणारा. म्हणजे सांगितलेलं शहाणपण त्याच्याकडे आधीपासून होतं. तरीही त्याची मुलं गेली, जनावरं गेली, अंगभर फोड आले.

बाबांच्या निवृत्तीआधी त्यांच्या पाळीत छत कोसळलं आणि कोळसा भरणारा एक लोडर गेला. पाळीच्या सुरुवातीला बाबांनी तीच जागा ठोकली होती. खणखणीत वाजली होती. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही, पण घरी येणाऱ्यांकडे खुलासे तयार होते. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं कर्म, कुणी हलक्या आवाजात म्हणालं, ठोकण्यातच काही राहिलं असणार. बाबांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. पुढच्या पाळीला ते काठी घेऊन खाली गेले आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले. छत ठोकल्यानं ते कोसळणार नाही अशी हमी मिळत नाही, हे कळल्यावरही ठोकत राहायचं असतं. ईयोबाच्या त्या शेवटच्या ओळीचा मला लागलेला अर्थ एवढाच.

ईयोबाकडेही खुलासे घेऊन माणसं आली होती. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर. आले तेव्हा ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. पेराल तसं उगवतं, निर्दोष माणसाचा नाश होत नाही, देव न्याय मोडत नाही. ही वाक्यं सुटी काढली तर बरीचशी नीतिसूत्रांत खपून जातील. ती राखेत बसलेल्या माणसाकडे न बघता बोलली गेली, हा त्यांचा दोष. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या तिघांवर, आणि वादळासारखे प्रश्न विचारणारा ईयोब मात्र नीट बोलला असं म्हणतो.

शहाणपणाची जागा मला या पुस्तकात सापडली असं म्हणवत नाही. ते कुठं नाही हे सांगणाऱ्यांत डोह आणि समुद्र आहेत. त्यांच्या यादीत मी त्या तिघा मित्रांनाही घालतो.