खर्जातली उधारी

आमच्या घरातल्या बेसगिटारी मोजायच्या नाहीत, असा माझ्यात आणि बायकोत एक अलिखित करार आहे. काही दिवाणाखाली आहेत, एक कपाटावर, एक तिच्या शिलाई मशीनच्या मागे, आणि सुट्या करून ठेवलेल्या माळ्यावर खोक्यांत. पाहुणे आले की कौतुक करतात आणि मग हमखास विचारतात, "पण ही साध्या गिटारीपेक्षा वेगळी कशी?" मी सांगतो, तारा चारच; गिटारीच्या खालच्या चार तारांहून आणखी एक सप्तक खाली लावलेल्या. सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा कंप पावते, म्हणजे पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्याही बरीच खाली. गाण्यात ती वेगळी ऐकू येईलच असं नाही. बंद केली की मात्र गायकसुद्धा मागे वळून बघतो.

या सगळ्यांना लोक "तुमचा संग्रह" म्हणतात. त्यात माझं काय आहे ते मला माहीत आहे. एकही गिटार आली तशी राहिलेली नाही. कुणाची मान बदलली, कुणाची घोडी, कुणाच्या पोटातली वायरिंग मुळापासून नवी केली. त्या प्रत्येक बदलामागे कुणाचा तरी हात आहे आणि तो बहुतेक वेळा माझा नाही. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. देणं फिटणार नसलं तरी खातं नीट लिहिलेलं असावं, एवढी सवय अंगात मुरलेली आहे.

खात्यावर पहिलं नाव कधीच न भेटलेल्या माणसाचं. लिओ फेंडर. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाच्या गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या बेसआधी बेस म्हणजे माणसाहून उंच लाकडी डबल बेस. तो प्रवासात नेणं जिकिरीचं, आणि ढोल-ट्रम्पेटच्या गलक्यात तो ऐकूही येत नसे. फेंडरनं 1951 साली खांद्याला अडकवायचा, विजेवर वाजणारा बेस बाजारात आणला. मानेवर पडदे असल्यानं बोट नेमकं सुरावर पडणार, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी त्यानं 34 इंच धरली आणि आजही बहुतेक बेसगिटारींची लांबी तीच आहे. गंमत अशी की हा माणूस गिटार वाजवायला कधी शिकलाच नाही. पण दुरुस्तीवाला असल्यानं त्यानं एक गोष्ट केली, जी वाजवणाऱ्याला कदाचित सुचली नसती. मान चिकटवली नाही, चार स्क्रूंनी आवळली. वरची पाटी उघडली की सगळी वायरिंग समोर. म्हणजे उद्या काही बिघडलं तर नवं टाका. माझ्यासारख्यांचा अख्खा छंद त्या चार स्क्रूंवर उभा आहे.

पहिली बेस मला मुंबईत मिळाली, धोबीतलावच्या एका अंकलकडून. त्या भागात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. बोटीवर नोकरी शोधणारे, बँडमध्ये वाजवणारे तिथं मुक्कामाला असत. अंकल स्टुडिओत वाजवायचे. आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंगला टोनी वाझ बेस वाजवत, हे निदान जाणकारांना तरी माहीत आहे. अंकलचं नाव मात्र कुठल्याच कव्हरवर नाही. अमेरिकेतही फार निराळं नव्हतं म्हणा. मोटाउन कंपनीच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमरसनचा बेस आहे. पण 1971 मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या कव्हरवर श्रेय छापून येईपर्यंत ऐकणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचा. तारा तुटल्याशिवाय बदलत नसे.

अंकलही बदलत नसत, पण नाइलाजानं. नव्वदीच्या आधी परदेशी तारांचा एक संच म्हणजे चैन होती. त्यावर त्यांचा उपाय मी कुडाच्या स्वयंपाकघरात पाहिला. तारा सोडवून वेटोळी करायची, पातेल्यात पाणी उकळायचं आणि वेटोळी त्यात सोडायची. जाड तारेवरच्या बारीक वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ सुटून पाण्यावर करडा तवंग यायचा. मग फडक्यानं खसाखसा पुसून, पंख्याखाली पार कोरड्या करून परत चढवायच्या. मेलेला आवाज आठ-पंधरा दिवस तरी जिवंत व्हायचा. शेजारच्या शेगडीवर कुणाचं तरी सोरपोतेल शिजत असायचं आणि पातेली अदलाबदल होऊ नयेत म्हणून अंकल तिथून हलत नसत.

त्यांनी मला दिलेली बेस जपानी होती, फेंडरच्या जॅझ बेसची नक्कल. कुणी भाच्यानं बोटीवरून आणलेली; डोक्यावरचं नाव खरवडून काढलेलं. तिचे पैसे मी हप्त्यानं द्यायचे ठरलं. पगाराच्या दिवशी जायचं, हप्ता द्यायचा, मग ते तासभर शिकवायचे. "अरे मॅन, इतके सूर कशाला? ड्रमरचा पाय बघ. तो पडला की तू पड." या एका वाक्यावर मी पुढं किती गणेशोत्सवांचे ऑर्केस्ट्रे निभावले! अंकल गाशा गुंडाळून गोव्यात, साष्टीतल्या त्यांच्या गावी निघाले तेव्हा एक हप्ता बाकी होता. मी पाकीट पुढं केलं. त्यांनी हात मागे घेतला. "ते राहू दे. पुरे पैसे दिलेस तर फोन करायचा नाहीस तू." मी फोन करत राहिलो, ते होते तोपर्यंत. हप्ता खात्यावर अजून तसाच उभा आहे आणि तो वसूल करायला आता कुणी नाही.

मग बदली होऊन सांगलीला आलो. मुंबईच्या दमट हवेतून आलेल्या त्या बेसची मान इथल्या उन्हाळ्यात आकसली आणि पडद्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन तळव्याला ओरखडे काढू लागली. पडदे तसेही झिजून चपटे झाले होते. दहा किलोमीटरवर मिरज. तिथल्या सतारमेकरांबद्दल मराठी माणसाला काय सांगायचं? मूळचे हत्यारांना धार लावणारे शिकलगार, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तंतुवाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरांत फोटो आले. गिऱ्हाइकं त्याआधीही देशभरातून येत होतीच. मी ज्या चाचांकडे गेलो त्यांचं दुकान म्हणजे छताला टांगलेले पंढरपूरकडचे भोपळे आणि खाली बसायला वितभर जागा.

चाचांनी बेस मांडीवर आडवी घेतली. तार छेडली. वीज नसली की या गिटारीला आवाज नाहीच. पोट पोकळ नाही, भरीव लाकूड. ते वाकले आणि शिंगासारखा जो वरचा भाग असतो त्यावर कान टेकवला. पुन्हा छेडली. बराच वेळ कान तसाच.

"खर्ज चांगला आहे हो. पण पडदे ठोकलेले का? सरकत नाहीत?"

"नाही सरकत."

"आणि तार ओढून मींड?"

"घेता येत नाही, चाचा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुक्याला गायला बसवल्याचा आरोप माझ्यावर आहे. मग मी त्यांना जेको पास्टोरियसबद्दल सांगितलं. फ्लोरिडात वाढलेला हा पोरगा. 1962 सालच्या जॅझ बेसचे पडदे उपटून त्यानं खाचा भरल्या आणि वरून बोटींना लावतात तो इपॉक्सी फासला. 1976 साली त्याचा पहिला अल्बम आला आणि बेस गाऊ शकते हे जगाला कळलं. चाचांना इपॉक्सी नापसंत, बाकी सगळं पसंत. "काढू या पडदे."

मी साष्टीला फोन लावला. अंकल म्हणाले, "काढ की. वाद्य तुझं, बोट तुझं. बेसूर वाजवशील तर मात्र माझं नाव सांगू नको."

पडदे काढायला उपटासुपट चालत नाही. चाचा प्रत्येक पडद्यावर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून धरायचे, खालचा जुना गोंद सैल होईपर्यंत. मग धार सपाट घासलेल्या पकडीनं एका कडेपासून केसाकेसानं उचलत जायचं. घाई केली की शिसवीचे कपचे उडतात. निघालेल्या खाचांत त्यांनी सतारीच्या दांडीतून उरलेल्या तूनच्या पातळ पट्ट्या बसवल्या. काळपट शिसवीवर त्या लालसर रेघा आजही आहेत. बोट कुठं ठेवायचं ते त्या सांगतात. खरं काम त्यानंतरचं. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन चाचांनी ती अख्खी पट्टी घासली, पण सरळ नाही, मधे नावापुरता खोलगटपणा ठेवत. दोन फटके मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची. तानपुऱ्याची जवारी काढताना तार घोडीवर एकदम सुटू द्यायची नसते, घासटत सुटली पाहिजे, तेव्हा सूर फुलतो. बिनपडद्याच्या बेसचा तो प्रसिद्ध हुंकार नेमका तसाच होतो. फरक इतकाच की इथं घोडीच्या जागी सगळी मानच जवारीचं काम करते. हे मला आजवर कुणा गिटारवाल्यानं समजावलं नव्हतं. चाचांना ते आधीपासून माहीत होतं, वाद्य तेवढं नवं होतं.

बिल केलं एका तानपुऱ्याच्या जवारीचं. पडदे काढल्याचे पैसे? "काढायचे कसले पैसे? घालतो त्याचे घेतो."

इथं एक माझं मत. हौशी लोकांत हल्ली सुधारणा म्हणजे परदेशी पिकअप मागवणं, पितळी घोडी मागवणं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढणं. ती खरेदी झाली. खरेदीला माझा विरोध नाही, बायकोला विचारा. पण खरेदीनं कुणाचं देणं लागत नाही. पैसे दिले, विषय संपला.

ही अक्कल मला सांगलीच्या अण्णांकडून मिळाली. अण्णांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी दारात ओळीनं पडलेल्या, आत वार्निशचा वास. माझ्याकडे प्रिसिजनच्या घडणीची एक बेस होती, तिच्या पिकअपचा अर्धा भाग मुका झालेला. फेंडरनं 1957 पासून या पिकअपचे दोन तुकडे केले. एक खालच्या दोन तारांखाली, एक वरच्या दोन तारांखाली. आत चुंबकाच्या कांड्या आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. घामानं, गंजानं त्यातला एक कुठंतरी तुटला की खेळ खलास. मी तो तुकडा पुड्यात बांधून अण्णांसमोर ठेवला.

"किती एचपीची हाय?"

मी हसलो, ते हसले नाहीत. वाइंडिंगचा दर एचपीवर असतो. मी काय ते समजावलं. तार हलते, चुंबकाचं क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज उमटते, ती अॅम्प्लिफायरला जाते. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजी ही मोटार न्हवं. डायनामो हाय."

एवढ्या नेमक्या शब्दांत पिकअपची व्याख्या मी कुठं वाचलेली नाही.

तार 46 नंबरची लागणार होती. पंपाच्या मोटारीला असली तार कोण वापरतो? पण अण्णा एके काळी रिलेच्या कॉइली गुंडाळत. त्यांच्या फडताळात एक रीळ निघालं. वेढे किती ते कुणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी जिवंत तुकड्याला मीटर लावला, आकडा खडूनं भिंतीवर लिहिला आणि दुसरा तुकडा त्या आकड्याला येईपर्यंत गुंडाळायचा ठरवला. हातानं फिरवायचं यंत्र, तार दोन बोटांच्या चिमटीतून जाते, जरा ताण जास्त झाला की तटकन तुटते. तुटली. पुन्हा पहिल्यापासून. मधेच त्यांनी दोन्ही तुकड्यांवर होकायंत्राची सुई फिरवली आणि थांबले. "ह्याचं उत्तर वर, त्याचं दक्षिण वर. गुंडाळी उलटी पायजे बघा, न्हाईतर लायटीची घरघर मरायची न्हाई." बरोबर होतं ते. दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असले की दोन्हींतली पन्नास सायकलची गुणगुण एकमेकीला खोडते. फेंडरनं जे कागदावर मांडलं ते अण्णांनी सुई बघून सांगितलं, आणि त्यांनी तर जन्मात गिटार हातात धरलेली नव्हती.

शेवटी मेणबत्त्या वितळवून त्या मेणात गुंडाळी बुडवली, म्हणजे वेढे हलून कर्कश शिट्टी वाजणार नाही. अण्णांना वार्निशच हवं होतं. यावर आमचा वाद झाला, तो मी जिंकला, आणि त्याचा राग त्यांनी मेण निथळेपर्यंत ठेवला. ती बेस मी दुकानातच लहान अॅम्प्लिफायर आणून वाजवून दाखवली. पत्र्यावरच्या नटबोल्टांचा डबा थरथरला. अण्णांनी डब्यावर हात ठेवून तो गप्प केला आणि म्हणाले, "वाजतीय."

त्यानंतर मी कोल्हापूर-इचलकरंजीच्या पोरांना त्यांच्याकडे पाठवू लागलो. कुणाची गिटार बंद पडलेली, कुणाची घरघर करणारी. आता 46 नंबरचं रीळ अण्णा स्वतःच मागवतात. मी मेणासाठी एक जुनं पातेलं आणि थर्मामीटर नेऊन दिला, तेवढीच माझी परतफेड. दुकानाच्या पाटीवर 'मोटार, पंप, मिक्सर' यांच्या पुढं 'गिटार' असं रंगवून झालं आहे. फक्त दराचा घोळ आहे. अण्णा अर्ध्या एचपीचे पैसे घेतात, पोरं पाव एचपीचेच द्यायला बघतात, आणि दोघंही निवाड्याला माझ्याकडे येतात.