भाड्याची नाव

आमच्या अब्बांचं गाव नाथसागरात आहे. शेवगाव तालुक्यातलं, गोदाकाठचं. जायकवाडी धरणाचं काम १९६५ साली सुरू झालं, १९७६ साली धरणाचं उद्‌घाटन झालं. त्या मधल्या काळात घर, मशीद, कब्रस्तान सगळं पाण्याखाली गेलं. विशीतले अब्बा बैलगाडीत भांडी घालून शेवगावला आले.

गेल्या वर्षी मुलांनी हट्ट धरला, नानांच्या गावावरून नावेत फिरायचं. आमच्या यांनी तर बेतच मांडला. दोन मित्रांत मिळून जुनी फायबरची बोट घ्यायची. सुट्टीत आपण फिरू, एरवी भाड्याने देऊ. कमी पडतील ते पैसे सोसायटीच्या कर्जातून.

सातवीच्या वर्गात मी ‘मुफरद सूद’ म्हणजे सरळव्याज शिकवते. फळ्यावर व्याज काढताना हात थांबत नाही, पण तेच घरात आणायचं म्हटलं की थांबतो. नावेचं भाडं हलाल, कर्जावरचं व्याज नाही. तरी एवढ्यावरच न थांबता मी वहीत हिशोब मांडला. धरण भरतं पावसाळ्याच्या शेवटी. तेव्हा शाळा चालू. आमची मोठी सुट्टी मे महिन्यात. तेव्हा पाणी दूर मागे सरलेलं, काठाला नुसता गाळ. वापराचे दिवस फार तर दहा-बारा. राखण, रंग, दुरुस्ती मात्र वर्षभर. शिवाय हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य. मोटरबोट घालायची तर परवानग्या आल्या.

“नगरचा फराहबाग आठवा,” मी यांना म्हटलं. “निजामशाहीत १६ व्या शतकात तळ्याच्या मधोमध महाल बांधला. महाल उभा आहे, तळं कोरडं पडलंय. पाणी कुणाच्या मालकीचं राहतं?”

हे हसले, पण पटलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ओळखीच्या नावाड्याची नाव ठरवली. आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट, मग भाड्याचं बोलणं, ही माझी अट. मुलं पाण्यात हात घालून खिदळत होती. नावाड्याने विचारलं, “चाचा, कुठं नेऊ?”

अब्बांनी दूरचा काठ न्याहाळला आणि बोट दाखवलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “बस, यहाँ.” नावाड्याने वल्हं वर घेतलं. धाकट्याने वाकून विचारलं, “नाना, नीचे घर है?”

“घर उधर. इधर मेरी माँ है.”

अब्बांनी हात उचलून फातेहा पढली. आम्हीही पढलो. नावाडी टोपी काढून गप्प बसला.

काठावर उतरताना यांनी पुन्हा विषय काढला. “अब्बा, बोट घेतली तर मनात येईल तेव्हा याल.”

“बेटा, गांव अपना था. रह्या क्या?” अब्बा म्हणाले. “साल में एक बार आएंगे, भाडा देंगे, जाएंगे.”

यांनी खिशातून पैसे काढले. पुढच्या नोव्हेंबरातही यायचं, हे नावाड्याला सांगूनच आम्ही एसटी पकडली.