सुपारी फुटण्याआधी

आपल्याकडे लग्नाआधी काही लिहून घेत नाहीत, असं कोण म्हणतं? बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही बैठकीला जाऊन बसा. मध्ये पानसुपारीचं तबक, दोन्हीकडची कर्ती माणसं समोरासमोर आणि ज्याचं अक्षर बरं त्याच्या हातात कागद. वर 'श्री गजानन प्रसन्न' लिहायचं की याद सुरू. मांडव कुणाच्या दारी, जेवण कुणाकडे, सोनं किती तोळे, मुलाचा पोशाख, वरमाईचं लुगडं, करवलीचा मान, बस्ता कुठे बांधायचा. उसाचं बिल कधी निघतंय ते पाहून तिथी धरायची. मग सह्या होतात आणि सुपारी फुटते. हा करारच झाला की! पण त्यात सगळं एका दिवसाचं. पुढच्या संसाराचं त्यात अक्षर नसतं आणि जिचं लग्न, तिची सहीही बहुधा नसते.

माझ्या चुलत नणंदेने मात्र ती मागितली. ही मुलगी बारामतीत औषधांच्या दुकानात नोकरी करते. भाऊ नाही, दोघी बहिणीच. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं, ते अजून फिटायचं आहे. इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, शेती पाण्याखालची. बैठकीच्या आदल्या रात्री ती मला म्हणाली, "वहिनी, यादीच्या मागं माझा पण एक कागद जोडायचाय." त्यात चार कलमं होती. नोकरी सुरू राहील. माझं कर्ज मी माझ्या पगारातून फेडीन, तुमच्यावर किती कर्ज आहे ते मला आधी सांगा. माझं सोनं नि माझी ठेव माझ्या नावावर, माझ्या ताब्यात राहील. आणि आईवडिलांना दरमहा काही रक्कम देईन, त्यावरून बोलायचं नाही.

मला धास्तीच वाटली. ठरत आलेलं लग्न मोडलं तर गावभर बोलणी कुणी खायची? दुसऱ्या दिवशी झालंही तसंच. कागद वाचल्यावर मुलाचे चुलते म्हणाले, "ही काय जमिनीची इसार पावती हाय का? लग्नाआधीच इस्वास न्हाई, तर नांदणार कशी?" आमच्याकडची माणसं खाली मान घालून बसली. खुद्द तिचे वडीलच म्हणाले, "ते शेवटचं कलम खोड बाई. लेकीच्या घरचं आम्ही कसं खायचं?" ती हळूच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "आण्णा, ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

तेवढ्यात आतल्या दारातून मुलाची आई बोलली. "माझ्या पाटल्या बोअरात गेल्या. पाणी लागलं न्हाई ते न्हाई, पाटल्याबी परत आल्या न्हाईत. मला कुणी इचारलं नव्हतं. लिहू द्या पोरीला." बैठक गप्प झाली. मग मुलाने आपणहून ट्रॅक्टरच्या कर्जाचा आणि सोसायटीच्या पीककर्जाचा आकडा सांगितला. त्याच्या आईलाही तो तेव्हाच कळला! कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि मगच सुपारी फुटली.

असा कागद कोर्टात टिकतो का, असं तुम्ही विचाराल. सगळाच टिकेल असं नाही. हिंदूंसाठी लग्नाआधीच्या कराराचा वेगळा कायदा नाही आणि १८७२च्या करार कायद्याप्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध केलेला करार रद्द ठरतो. 'पुढे पोटगी मागणार नाही' असं मुलीकडून लिहून घेतलं, तर तेही कोर्ट सहसा मानत नाही. तेव्हा असल्या कागदावर सही करू नका. हुंड्याचा करार तर १९६१च्या कायद्याने मुळातच रद्दबातल आहे.

गोव्यात मात्र वेगळं आहे. तिथे १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी मालमत्तेचा रीतसर करार करता येतो आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. करार केला नाही, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि त्यात बायकोचा निम्मा वाटा असतो. आपल्या शेजारच्या मुसलमान बायकांच्या निकाहनाम्यातही मेहरची रक्कम लिहिलेली असते. आणि वचन मागून घेणं आपल्या मातीला नवं थोडंच आहे? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. त्या पद्धतीच्या लग्नात वधू स्वतःच्या तोंडाने हक्क मागते आणि वर सगळ्यांसमोर वचन देतो.

आपल्या हातातही एक पक्की गोष्ट आहे, पण ती फार थोड्या घरांत माहीत असते. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. त्याप्रमाणे लग्नात मुलीला मिळालेल्या भेटींची यादी करायची. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. ही यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन सासरी ठेवायला दिलं तरी ते बाईचंच राहतं. पण आपलं काय होतं हे सांगायला कागद लागतोच ना? म्हणून दागिन्यांच्या पावत्या मुलीच्या नावाने घ्या, फोटो काढा आणि यादीची एक प्रत माहेरी ठेवा.

कुणी म्हणेल, कागदाने का कुठे माया वाढते? नसेल वाढत. पण कर्ज किती, पगार कुणाच्या हातात, म्हाताऱ्या आईबापांचं काय, हे प्रश्न कागद नसला तरी येतातच. मग ते सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात धुसफुशीतून निघतात. त्यापेक्षा पाचजणांसमोर निघालेले काय वाईट? माझी नणंद आता इंदापूरला नांदते आहे, एसटीने बारामतीला कामाला येते. कुरबुरी त्यांच्याकडेही होतात, पण पैशांवरून अजून तरी झालेली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीची, भाचीची, नणंदेची बैठक ठरेल, तेव्हा पोह्यांची तयारी करता करता तिला जवळ बसवून विचारा, "बाई, तुला काय लिहायचंय?" आणि घरात मुलाचं लग्न निघालं, तर येणाऱ्या सुनेलाही तेच विचारा.