हातखंब्याहून समुद्राकडे (भाग दुसरा)

गुरुवार, मार्गशीर्ष वद्य द्वितीया

हातखंब्याला समुद्र नाही. आहे तो महामार्ग, तिठ्यावरची वडापची गर्दी आणि चौपदरीकरणाची लाल धूळ. तरी मुक्काम इथेच, आत्याकडे. इथून एक रस्ता सरळ रत्नागिरीत उतरतो, दुसरा निवळीवरून गणपतीपुळ्याला जातो.

मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. अशांना घेऊन निघालं की किलोमीटर विसरायचे आणि ओहोटी बघायची. आतोबांचा हिशेब तोंडी: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ. द्वितीयेला दुपारी दीड. त्यातून सव्वासहा तास वजा केले की सुकती, म्हणजे सकाळी सव्वासात. सहालाच निघालो.

भाट्ये. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन आणि थेट झरी विनायकापर्यंत सपाट पुळण. मोठ्यांना हे अंतर काहीच नाही. पण ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. "हे कोणी वळलं?" धाकट्यानं बसकणच मारली. बारीक खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाहेर टाकतात. खेकडा बिळातून वर येईपर्यंत कोणी हललं नाही. झरी विनायक गाठला तेव्हा ऊन चटकत होतं.

शुक्रवार, तृतीया

सुकती आठला. आरे-वारे. बहुतेक गाड्या वरच्या वळणावर थांबतात, फोटो काढतात, जातात. आम्ही आऱ्याच्या वाळूत उतरलो. खडकांत बायका कालवं काढत होत्या. एकीनं कोयतीच्या टोकानं शिंप उघडून दाखवली आणि बजावलं, "भरती लागायच्या आत वर या हां."

दोन किनाऱ्यांमधला डोंगराचा तुकडा मात्र डांबरी रस्त्यानंच चढावा लागतो. कडेला चालायला जागा नाही, वळणावर समोरची गाडी दिसत नाही. निसर्गसौंदर्य राहू दे, हा तुकडा मुलांसह चालण्यासारखा नाही. तिथं गाडीतच बसवावं.

शनिवार, संकष्टी

गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग बघूनच मुलं कंटाळली. कळसाला हात जोडले आणि प्रदक्षिणेला लागलो. इथं डोंगरच गणपती मानलेला, म्हणून फेरी अख्ख्या डोंगराला. साधारण किलोमीटरभराची फरसबंदी वाट, आधी समुद्राच्या कडेनं, मग झाडीतून. लहान पायांसाठी याहून बरी वाट या किनाऱ्यावर मला तरी माहीत नाही. "आपण पोटाला फेरी मारतोय का पाठीला?" मुलीचा प्रश्न. आत्या म्हणाली, "सोंडेकडून सुरुवात केलीस, आता मोज."

पाण्यात मात्र कोणाला उतरू दिलं नाही. पुळ्याचा किनारा एकदम उतरता, लाटेची ओढ जबर; दरवर्षी माणसं बुडतात. धाकटा रुसला. मालगुंडला केशवसुतांच्या घरापर्यंत रुसलेलाच होता.

उद्या पंचमी, सुकती साडेनऊला. तोवर वाळू तापणार. तेव्हा पुळणीला सुट्टी, पूर्णगड चढायचा.